यात्रेची तारीख विचारून घर बघणारे दाजी

दाजी, तुमच्या दशक्रियेला एका पुढाऱ्याने तुम्हाला बिल्डर करून टाकलं.

घोडेगावच्या घाटावर, नदीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी माइक धरून तो गहिवरून म्हणाला, "स्वर्गीय अण्णांनी आपल्या हयातीत शेकडो कुटुंबांना हक्काची घरं दिली." मांडवात कुजबुज झाली. मागे बसलेल्या एका अनोळखी पाहुण्याने मला कोपराने ढोसून विचारलं, "कोणती स्कीम व्हती ओ त्यांची?" मी म्हणालो, "यात्रा स्कीम." त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि मला असं हसू फुटलं की टॉवेल तोंडावर धरावा लागला. माझे खांदे हलत होते आणि शेजारचे लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. "मेव्हण्याला लई लागलंय," असं कुणीतरी म्हणालं. लागलं होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्या घडीला मी हसत होतो. मांडवात तुम्ही असतात तर त्या पाहुण्याला स्कीमची सगळी माहिती देऊन, त्याच्या गावची यात्रा कधी असते ते विचारून, पंगत बसायच्या आत त्याला मोशीत एक फ्लॅट दाखवायचं कबूल करून टाकलं असतंत.

तुम्ही आयुष्यात एक वीट विकली नाहीत. कारखान्यात पाळ्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना घरं बघून दिली. जुन्नर-आंबेगावातून जो कुणी नोकरीला पुण्याकडे यायचा, तो पिशवी घेऊन आधी भोसरीला तुमच्या दारात उतरायचा. कुणी एजंट तुम्हाला दलालीतला वाटा देऊ लागला की चहा अर्धा ठेवून तुम्ही उठायचात. मग तो एजंट तुमच्यामागे पळायचा, कारण तुम्ही उठलात तर वाडीच्या वाडी उठेल, हे त्याला माहीत होतं.

घर बघायची तुमची रीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, दाजींचं काहीतरी हरवलंय. एजंट चावी हलवत लिफ्टपाशी उभा आणि तुम्ही बिल्डिंगभोवती फेरी मारताय. गटार बघताय, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया बघताय. मग जिन्याने चढत प्रत्येक मजल्यावर थांबून दारापुढच्या चपला निरखताय. मी विचारलं तर म्हणालात, "आमचा म्हातारा मेंढरं बसवायच्या आधी त्या रानाला एक फेरी मारायचा. गप चालायचा. एक शबूद बोलायचा न्हाय. फेरी झाली की सांगायचा, हितं वाडा पडंल, न्हायतर पुढं चला."

"पण मेंढरांना गवत लागतं दाजी. चपलांचं काय?"

"दाराबाहेर पाच-सहा जोड दिसलं की समजायचं, ह्या घरात माणूस येतंजातं. फ्लॅट काय बघायचा? चार भिंती सगळीकडं सारख्याच."

मी औंधला घर घेतलं तेव्हा मी ऊन बघितलं, वारा बघितला, ऑफिसला किती वेळ लागतो ते बघितलं. फार हुशारी केली असं मला वाटत होतं. वास्तुशांतीला तुम्ही आलात आणि आमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटापुढे उभे राहिलात. त्याचं दार उघडलंत, लावलंत, पुन्हा उघडलंत. "चपला कोंडून ठिवल्यात?" मग आत येऊन विचारलंत, शेजारी कुठले? मी म्हणालो, माहीत नाही. आडनाव काय? तेही माहीत नाही. तुम्ही माझ्या बहिणीकडे, आक्काकडे वळलात आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालात, "तुझ्या माहेराला वेद बोलल्याल्या रेड्याची समाधी हाय. आन त्याच आळ्याच्या ह्या माणसाला शेजाऱ्याशी बोलता येईना!"

वास्तुशांत बाजूला राहिली. त्या दिवसापासून माझ्या बायकोच्या माहेरीसुद्धा मी रेड्याच्या खालचा ठरलो.

आता एक गुपित फोडतो. दशक्रियेच्या भाषणांत ते येणं शक्यच नव्हतं, कारण ते फक्त तिघांना माहीत आहे, तुम्ही, मी आणि आक्का. तुम्ही मला शपथ घातली होती. शपथ घालणारा आधी गेला तर शपथ सुटते, असा नियम मी परवा स्वतःच केला. काही हरकत असेल तर कळवा.

भोसरीची तुमची ती पहिली बिल्डिंग. तीन मजली, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये लग्नाचा मांडव पडेल एवढी ऐसपैस जागा. ती तुम्ही वरपासून खालपर्यंत आपल्या वाडीच्या लोकांनी भरलीत. घोडेगावच्या वरच्या अंगाची ती चिमुकली वाडी, तिची निम्मी घरं उचलून तुम्ही भोसरीत एकावर एक रचलीत. वॉचमनसुद्धा वाडीचाच. फक्त तळमजल्यावर एक खोली लातूरकडच्या सुमनताईंनी भाड्याने घेतली होती, आणि तेवढ्यावरून तुम्ही महिनाभर धुसफुसत होतात. "एक परकं घुसलं."

चैत्र आला. तुमच्या वाडीची यात्रा आली. शहरात राहणारा आपल्याकडचा माणूस एक वेळ बढती सोडेल, यात्रा सोडणार नाही. सकाळी सातला तुमच्या बिल्डिंगमधून पहिली गाडी निघाली आणि दहापर्यंत सगळ्या दारांना कुलपं लागली. शेवटी वॉचमन राहिला. तोही वाडीचाच, त्यालाही देव आहेच. त्याने गेटची चावी सुमनताईंच्या हातात दिली, "ताई, दोन दिस जरा नजर ठेवा," म्हणाला आणि एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघं बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर उभे. तुमच्या डोक्याला फेटा, अंगावर गुलाल, वाडीची बारी, म्हणजे आपल्या गाड्याची पाळी, अजून व्हायची होती. तेवढ्यात तुमचा फोन वाजला. सुमनताई ओरडून सांगत होत्या, जिन्यावरून पाणी चाललंय, तिसऱ्या मजल्यावर तळं झालंय, सगळ्या दारांना कुलपं, मी काय करू? दुसरा एखादा असता तर त्याने चार फोन केले असते. तुम्ही सरळ निवेदकाच्या मचाणावर चढलात आणि त्याच्या हातातला माइक काढून घेतलात.

"भोसरीच्या बिल्डिंगवाल्यांनी हिकडं ध्यान द्या! तिसऱ्या मजल्यावरनं जिन्यानं पाणी चाललंय! नळ कुणाचा चालू ऱ्हायलाय त्यानं म्होरं यावं!"

सगळा घाट गप्प. बैलसुद्धा गप्प झाले असं मी आजवर प्रत्येकाला सांगत आलोय. तिसऱ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, आणि चारी घरच्या बाया एका ठिकाणीच बसलेल्या.

"मी बंद केला व्हता बया, माझ्या हातानं."

"मीबी केला."

"तुझी सासू शेवटाला आत गेल्ती चूळ भरायला."

"माझ्या सासूचं नाव घ्यायचं न्हाय!"

आक्का तेवढी काही बोलली नाही. ती तुमच्याकडे बघत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

जायला कुणी तयार होईना. बारी व्हायची होती, पालखी निघायची होती. निवेदक हौशी माणूस, त्याने माइक परत मिळताच पुकारलं, "पुढची बारी सज्ज करा, आणि नळवाल्यांनी तातडीने निघायचं आहे!" शेवटी तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "मी जातो. बिल्डिंग मी भरली, जबाबदारी माझी." टाळ्या पडल्या, दाजी. घाटावर बैलगाड्यांना पडतात तशा टाळ्या तुम्हाला पडल्या. मी गाडी काढली. भोसरी येईपर्यंत तुम्ही फेटा सोडला नाहीत आणि खेडपर्यंत दर पाच मिनिटांनी म्हणत राहिलात, "आता आपली बारी सुटली आसंल."

भोसरीत पोचलो तर सुमनताई जिन्याच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या. आजूबाजूला बादल्या, घागरी, पातेली, पिंप, इतकंच काय कुकरसुद्धा काठोकाठ भरलेला. वरून येणारा थेंबही त्यांनी वाया जाऊ दिला नव्हता. आपल्याला बघून त्या कडाडल्या, "आमच्याकडं एवढ्या पाण्यात अख्ख्या गल्लीचा आठवडा निघतोय! तुम्हा लोकांना पाण्याची काही किंमत हाय का न्हाई?"

तुम्ही त्यांना हात जोडून खालीच थांबवलंत. आपण दोघं वर गेलो. तुम्ही आपल्या घराचं कुलूप काढलंत, "हितनं सुरुवात करू, म्हंजे कुणाला बोलायला नको," म्हणालात आणि दार उघडलंत. आतून नळाचा आवाज आला. मोकळा, प्रसन्न, खळाळता आवाज.

तुमचा नळ. तुमच्याच मोरीतला. निघायच्या दिवशी सकाळी पाणी नव्हतं म्हणून उघडा करून ठेवलात आणि देवाच्या घाईत तसाच विसरलात.

तुम्ही तो बंद केलात. गुडघ्यापर्यंत विजार ओली, फेट्याचा शेमला मोरीत लोंबतोय, कपाळाला गुलाल. माझ्याकडे वळून राजासारख्या गंभीर आवाजात म्हणालात, "मेव्हणं, वॉल खराब व्हता."

"कुठला वॉल?"

"वरच्या टाकीचा."

"दाजी, नळ तुम्ही आत्ता माझ्यासमोर बंद केलात."

"तुमच्या बहिणीची शपथ हाय तुमाला."

हसून हसून मी त्या पाण्यातच बसलो. आणि दाजी, नंतर जे झालं त्यासाठी मी तुमचा कायमचा चाहता झालो. तुम्ही खाली गेलात. सुमनताईंची सगळी भांडी ओळीने लावून दिलीत, मग पायरीवर बसून विचारलंत, "ताई, तुमी नाय गेला गावाला?"

"आत्ता कशाला जाऊ? आमची यात्रा पौषात असते."

तुम्ही फेट्याचा शेमला पिळलात. मग स्वतःशीच म्हणालात, "आमची चैत्रात, तुमची पौषात." आणि माझ्याकडे बघून, "आन मी म्हणत व्हतो एक परकं घुसलं. हे परकं नसतं तर बिल्डिंग वाहून आळंदीला गेली असती."

तिथे तुमचा जगावेगळा धंदा सुरू झाला. लोक घर बघतात ते दोन प्रकारे. एक माझ्यासारखे, ऊनवारा बघणारे. दुसरे तुमच्यासारखे, आपली माणसं कुठे आहेत ते बघणारे. त्या दिवसानंतर तुम्ही तिसरा प्रकार काढलात. एका गावची दोनच घरं. तिसरं आलं की दुसरी बिल्डिंग. माणसं आपल्याकडचीच हवीत, नाशिक रस्त्याच्या कडेलाच हवीत, म्हणजे गाडीत बसलं की सरळ गाव. पण यात्रा वेगवेगळी हवी.

ओतूरहून आलेलं ते नवं जोडपं मला आठवतं. एजंट म्हणतोय, काका, दुसऱ्या मजल्यावरचा आजच रिकामा झालाय, हवेशीर आहे. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत.

"यात्रा कधी तुमची?" तुम्ही नवऱ्याला विचारलंत.

"आमची... माघारी फोन करून सांगतो. आईला माहीत असंल."

"आईला इचार. हिचं माहेर कुठलं? तिकडची कधी?"

ती बिचारी म्हणाली, "चैत्र अष्टमीला."

"अरारारा! अष्टमीची दोन घरं हायती आधीच."

एजंट रडकुंडीला आला. "काका, फ्लॅट रिकामा आहे हो."

"फ्लॅट रिकामा हाय. तारीख रिकामी न्हाय." मग त्या जोडप्याला, "पलीकडच्या गल्लीत एक बिल्डिंग हाय, तिथं अष्टमीवालं कुणीच न्हाय. चला."

आणि ते गेले! तेच मला कधी कळलं नाही. शिकलेली माणसं, मोबाइलवर दहा घरं बघून आलेली, ती तुमच्यामागे मुकाट्याने त्या गल्लीत गेली. आजही तिथेच राहतात. दशक्रियेला दोघं आली होती. ती मला म्हणाली, "काकांमुळं माझ्या घराला कधी नुसतं कुलूप नसतं. आमी गावाला गेलो की वरच्या वैनी दिवा लावत्यात." माझ्याकडे ऊन येतं भरपूर. दिवा लावायला कुणी येत नाही.

हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. उलट दर भेटीला भांडलो. मी म्हणायचो, दाजी, माणसं गाव सोडतात ते मोकळं व्हायला, तुम्ही त्यांना पुन्हा बांधताय. तुम्ही म्हणायचात, मोकळं मेंढरू लांडग्याचं. मी म्हणायचो, शहरात लांडगे नाहीत. तुम्ही म्हणायचात, "मंग बिबट्या. जुन्नरचा बिबट्या कुठंबी येतो." तुमच्याशी वाद घालून जिंकणं शक्य नव्हतं, कारण हरायला लागलात की तुम्ही ताटात वाढायला सांगायचात.

फक्त गेल्या दिवाळीतलं भांडण तसं संपलं नाही.

संदीपने, तुमच्या लेकाने, वाकडला सोळाव्या मजल्यावर घर घेतलं आणि तुम्हा दोघांना तिकडे राहायला बोलावलं. तुम्ही जाऊन बिल्डिंगला फेरी मारून आलात. फेरीला अर्धा तास लागला, एवढी मोठी. येऊन म्हणालात, "सगळ्यांची दारं लावल्याली. येका दाराबाहेर चप्पल न्हाय. कुणाची यात्रा कधी, कुणालाच ठाव न्हाय." आणि माझ्याकडे वळून, "मेव्हणं, तुमी समजावा भाच्याला."

मी भाच्याची बाजू घेतली. म्हणालो, "दाजी, तिथे कुणाला यात्राच नाही. ती माणसं सुटलीत त्यातून."

तुम्ही हातातली करंजी खाली ठेवलीत. "यात्रा न्हाय असं माणूस आसतंय व्हय?"

"असतं की. मी आहे."

एरवी तुम्ही यावर रेडा काढला असता. तेव्हा नाही काढलात. नुसतं म्हणालात, "तुमी माझ्या बाजूनं बोलायचं व्हतं," आणि आत गेलात. निघताना मी चप्पल घालत होतो, तेव्हा आतूनच आवाज दिलात, "माघात बोलू निवांत." माघ आला आणि तुम्हीच राहिला नाहीत. मी अजून त्या दारात एक पाय चपलेत घालून उभा आहे, असं वाटतं कधीकधी.

तर मागे राहिला तो प्रश्न. आक्काने कुठे राहायचं?

तुम्हाला वाटत असेल हे घरी बसून ठरलं. तुमच्याबाबतीत काही घरी बसून ठरलंय का कधी? ते दशक्रियेला, घाटावर, पिंडापुढे सुरू झालं. कावळा शिवेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तेव्हा तुमच्या भावकीतला एक म्हातारा पुढे झाला आणि पिंडाला हात जोडून म्हणाला, "अण्णा, काळजी करू नगा. वैनीला आमी वाडीत नीट संभाळू." कावळा झाडावर. संदीप पुढे झाला, "आई माझ्याकडं राहील, बाबा." कावळ्याने मान फिरवली. मग सुमनताई, डोळे पुसत, "इतकी वर्षं आम्ही एका जिन्यात राहिलो. त्यांना बिल्डिंगमधून हलवायचं न्हाई. मी हाय."

मग जे पेटलं! भावकी म्हणते वाडी, लेक म्हणतो वाकड, बिल्डिंग म्हणते भोसरी. "पिंडापुढं तरी भांडू नका," असं ओरडणाराच सगळ्यात जास्त भांडत होता. मी वाकडच्या बाजूने होतो, दिवाळीपासूनचा हट्ट म्हणा. आणि या गोंधळात आक्काने माझा हात ओढला आणि हळूच म्हणाली, "तिकडं बघ." पिंड अर्धा झाला होता. कावळा कधीच येऊन, जेवून गेला होता. कोणाच्या वचनावर आला ते कुणालाच सांगता येईना. मला विचाराल तर तुम्हाला घाई होती. पंगत बसायची होती.

तेराव्यानंतर मी आक्काला एकटीला गाठलं. स्वयंपाकघरात ती पाट्यावर लसूण ठेचत होती. मी म्हटलं, आक्का, तुझं तू सांग. तुला कुठे राहायचंय?

ती थांबली. "ह्यांनी लोकांला घरं बघून दिली. सगळ्यांला इचारलं, यात्रा कधी, माहेर कुठलं. मला कुणी इचारलंय का कवा, तुला कुठं ऱ्हायचंय? तू पैला."

दाजी, हे तुम्हाला ऐकावं लागेल. मलाही लागलं. एवढ्या लोकांच्या चपला बघणारे तुम्ही आणि ऊनवारा बघणारा मी.

मी म्हणालो, "मग भोसरीतच राहा ना. सगळी तुझी माणसं."

"तीच तर पंचाईत हाय. सकाळधरनं संध्याकाळपस्तोर येत्यात. मला बघून रडत्यात. मी चहा करायचा, मीच गप करायचं. सुमनताई तर दाराबाहेरनंच सुरू करती." तिने पाटा धुतला. "माया हाय रं त्यांची. पर मला जरा अनोळखी माणसं पायजेत. ज्यांला मी कोण ते ठाव न्हाय, अशी."

आणि ती गेली. वाडीला नाही, भोसरीला नाही, वाकडला सोळाव्या मजल्यावर. सुमनताईंनी चार दिवस तिच्याशी अबोला धरला आणि पाचव्या दिवशी ज्वारीच्या भाकऱ्या बांधून रिक्षाने वाकडला पोचत्या झाल्या.

मी पंधरा दिवसांनी गेलो. मनात धाकधूक होती. वाटत होतं, लावलेल्या दाराआड बसली असेल, टीव्ही बघत. संदीपच्या घराची बेल वाजवली तर कुणी नाही. फोन लावला तर आक्काचा आवाज, "तेराव्या मजल्यावर ये. दार उघडंच हाय."

तेराव्या मजल्यावर एकच दार उघडं होतं. आत एका परक्या घरात, परक्या सोफ्यावर माझी बहीण मालकिणीसारखी बसली होती. पुढ्यात निवडायला मेथीची जुडी. गॅलरीत परक्यांच्या कुंड्यांना पाणी घातलेलं.

"आक्का, हे कुणाचं घर?"

"बिलासपूरची हायती. गोड पोरगी. त्येंच्या गावाला लग्न व्हतं, मंग मी म्हणलं, तू जाव, मी बैठती." आक्काचं हिंदी तुम्ही ऐकायला हवं होतंत. टीव्हीवरच्या मालिका इतकी वर्षं बघितल्या त्या फुकट गेल्या नाहीत. "पाणी शुद्ध करायच्या मशिनीवाला येणार हाय. कुणीतरी थांबायला नको?"

"तुझी ओळख कशी झाली?"

"लिफ्टमधी. मी इचारलं, तुम्हारे गाव का यात्रा कब रहता?" ती मेथी निवडत सांगत होती, जणू वाकडमध्ये हाच प्रश्न सगळे लिफ्टमध्ये विचारतात. "तर ती रडायलाच लागली. म्हणली, मेला लगता है, तीन साल से गई नहीं. इथं तिला कुणी इचारलंच नव्हतं. मंग तिनंच मला नवव्या मजल्यावर नेलं, तिथं कोल्हापूरकडची हाय, त्यांचं देवाचं वेगळंच. एकविसाव्यावर केरळची, त्यांचं देवळात हत्ती आसतो म्हणं. सगळ्यांला यात्रा हाय रं. नुसतं कुणी इचारत न्हाय."

मी सोफ्यावर बसलो. तिने परक्यांच्याच कपात मला चहा दिला.

दाजी, दिवाळीत तुम्ही बरोबर होतात. हे मी तोंडावर म्हणालो असतो तर तुम्ही भोसरी ते घोडेगाव प्रत्येक थांब्यावर उतरून सांगितलं असतंत, म्हणून म्हणालो नाही. आणि मी अर्धा बरोबर होतो, आक्काला हवी होती ती माणसं वाकडलाच होती. ते तुम्ही म्हणाला नसतात. मग आपण जेवायला बसलो असतो.

चहा संपला तशी आक्का म्हणाली, "चैत्रात आपल्या वाडीच्या यात्रेला ही सगळी येणार हायती. मिनीबस ठरवली संदीपनं. मी ह्या साली पालखीला जायची न्हाय, पर पावण्यांला वाढायला तर माणूस पायजे."

"छान. मीही येतो. तुमच्या गाडीतच बसतो."

"तू न्हाय यायचं."

"का?"

"सगळी गेल्यावर हितं कोण? बिलासपूरवाल्या आता येताना आजारी सासूबाईला संगं आणणार हायती, त्यांला यात्रेला घेऊन जाता यायचं न्हाय. नवव्या मजल्यावर मांजर हाय. तुझी यात्रा न्हाय म्हणतोस ना? मंग तूच मोकळा."

मी किती वर्षं तुमच्या यात्रेला येतोय, दाजी. आक्काच्या लग्नाआधीपासून म्हणजे तुम्ही मला दाजी होण्याच्याही आधीपासून. एक वर्ष चुकवलेलं नाही. सगळ्या वाडीला ठाऊक आहे, घाटाच्या डाव्या अंगाला तुम्ही आणि तुमच्या शेजारी मी. यंदा तिथे दोघंही नसू. लोक विचारतील, अण्णा गेले, पण त्यांचा मेव्हणा कुठं गेला?

मी हो म्हणालो. म्हणजे यंदा तुमच्या बारीच्या वेळी मी वाकडला असेन. एका परक्या सासूबाईंना औषध द्यायचंय आणि एका मांजराला दूध. त्या सासूबाईंना म्हणे एकटं बसवत नाही, गोष्टी लागतात. मला गोष्टी एकाच माणसाच्या येतात.